ठोकळा गप्प का?

हॅलो?… हॅलो, आई? बोल गं… नाही, स्टुडिओतच आहे. बदकाचं काम चाललंय… बदक गं, कार्टूनमधलं. ते राहू दे, आधी सांग, सिनेमा कसा वाटला?…

कोणी काढलं?… मला?… अगं, नाही काढलं मला!… कोण म्हणालं?… शेजारच्या काकू? काकूंना काय कळतंय त्यातलं!

हो, हो… अगं ऐक ना… अगं ऐकून तर घे… आई, मी बोलू का?

हे बघ. पहिल्या भागात ठोकळा बोलला म्हणजे मी बोलले. बरोबर. पत्र्याचा यंत्रमानव आणि आवाज तुझ्या मुलीचा. आता या भागात काय होतं, ती चंद्रावरची चेटकीण सुरुवातीलाच त्याची वाचा काढून घेते. म्हणून तो बोलत नाही. वाचा त्याची गेली, काम माझं नाही गेलं…

का म्हणजे? दिग्दर्शकाला वाटलं म्हणून!… त्याला का वाटलं ते मी काय सांगू? मी त्याच्या डोक्यात बसलेय का?

चिडत नाहीये गं. पण तू या आठवड्यातली कितवी विचारणारी आहेस माहितेय? वाणी विचारतो, लिफ्टमध्ये अनोळखी माणसं विचारतात. परवा दाताच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझ्या तोंडात दोन्ही हात घातले आणि मग विचारलं, ‘ठोकळ्याला मुका का केलात?’ आता मी काय सांगणार? आ वासून पडलेले मी!… हसतेस काय? दाढ माझी दुखत होती.

आणि ते चाहत्यांचं मंडळ! काल स्टुडिओच्या फाटकाशी येऊन उभे. तोंडाला पट्ट्या चिकटवून. निषेध म्हणे. आता पट्ट्या लावल्यावर घोषणा कशा देणार? रखवालदाराने विचारलं, कोणाकडे काम आहे, तर तेही सांगता येईना. हातवारे करत बसले. त्याला वाटलं, रस्ता चुकलेत, त्याने बसस्टॉप दाखवला…

दादा? दादाचं नावच काढू नकोस. तो दुसऱ्या पक्षातला. ‘वा, काय मौन आहे!’… तुलाही तेच म्हणाला? ‘मौन बोलकं आहे’? त्याला बोलायला काय जातं! एक म्हणतात, सिनेमाचा जीव घेतलात, दुसरे म्हणतात, सिनेमाला अर्थ आला. आणि मृदंग मी. दोन्हीकडून मलाच थापा.

भांडले की! भांडल्याशिवाय राहीन का? आठवडाभर दिग्दर्शकाशी एक शब्द बोलले नाही. तर तो म्हणतो, ‘वा, अगदी हेच हवंय मला ठोकळ्यात!’ आता याच्यापुढे काय डोकं फोडायचं?

एक मिनिट हं… अहो, आलेच, पाच मिनिटं द्या… हं, बोल.

आधी का नाही सांगितलं?… अगं, सांगायची बंदी असते. गोष्ट बाहेर फोडायची नाही असं लिहून देतो आम्ही. घरीसुद्धा नाही… आई झाली तरी घरातलीच ना तू?… बरं, चुकलं. सांगायला हवं होतं.

म्हणजे तू शेवटपर्यंत वाट बघत बसलीस?… पण काकू होत्या ना शेजारी? तुझी दृष्टी गेली म्हणून तर त्यांना सोबत पाठवलं. पडद्यावर काय चाललंय ते तुझ्या कानात सांगायचं ठरलं होतं… झोपल्या? कधी?… राणीच्या दरबारातच? अगं, दरबार तर पहिल्याच प्रवेशात आहे!… आणि घोरत होत्या? शाबास! मग तुला कळलं तरी काय सिनेमात?

कुठे गेला म्हणजे? ठोकळा कुठेच गेला नाही. ‘आलो, आलो’ म्हणाला आणि गायब झाला असं कसं… आई, तो होता. सगळ्या सिनेमाभर होता, राणीच्या मागे मागे… होता गं!

थांब, थांब. मागे कोण होतं?… कोण माणूस?… खुर्चीवर टकटक करत होता? सारखी?… कशी गं? दोनदा भरभर आणि मग एकदा सावकाश?

अगं देवा.

तू काय म्हणालीस त्याला?… ‘घरी वळण लावलं नाही का?’… आई!… मग तो?… सॉरी म्हणून उठून गेला बिचारा? आणि तरी टकटक चालूच. मग तू आणखी मोठ्याने… ‘निर्लज्ज’? भर थिएटरात?

आई, तो माणूस नव्हता गं, तो ठोकळा होता! वाचा गेल्यावर तो तसाच बोलतो. पोटाच्या पत्र्यावर बोटं वाजवून. आणि ते वाजवलंय कोणी? मी! दिग्दर्शक म्हणाला, ठोकळ्याच्या मनातलं तुलाच ठाऊक, तूच वाजव. मांडीवर पत्र्याचा डबा घेऊन बसायचे मायक्रोफोनसमोर, बोटांची सालं निघाली… हो. अख्ख्या सिनेमाभर मीच. तू त्या बिचाऱ्याला नाही, मला झापलंस.

हसतेस ना?… आई?… रडतेस का गं?… बरं, नाही रडत. सर्दी झालीये, कळलं.

शेवट? काकूंनी तोही नाही सांगितला? ऐक मग. राणीचं जहाज चंद्रावरून उडायला टेकलेलं. मागे चेटकिणीची सेना. आणि दार काही आतून लागेना, बाहेरून कोणीतरी रेटायला हवं. ठोकळा इकडे बघतो, तिकडे बघतो, आणि गुपचूप खाली उतरतो. दाराला खांदा लावतो. राणी आतून ओरडते, आत ये, आत ये. ते तू ऐकलंस… हां, तेच. आणि तो बाहेरून नुसती टकटक करतो. जहाज वर जातं, टकटक लांब लांब जाते, आणि मग थांबते.

त्या शेवटच्या टकटकीत काय म्हणाला?… लिहून नव्हतं दिलं गं काही. दिग्दर्शक म्हणाला, तुझ्या मनात येईल ते… माझ्या मनात?… हसशील… ‘पोचलीस की कळव.’ तेवढंच आलं. दुसरं काय येणार? लहानपणापासून तेच ऐकत आलेय.

अजूनही नाही आवडला? एवढं सांगूनही?… टकटक छान होती, पण काय?… पण तुला माझा आवाज हवा होता. अगं, आवाज काय, आत्ता ऐकतेच आहेस की फोनवर…

काय?

परत म्हण… फोनवर मी रोज पाच मिनिटं म्हणते आणि ठेवून देते… हो… आणि सिनेमात तीन तास… म्हणजे पहिला भाग तू चार वेळा ऐकलास तो… मला वाटायचं, तुला गोष्ट आवडली. मी सगळ्यांना सांगत फिरले, आमच्या आईला अंतराळाचं वेड लागलंय.

आहे. आहे मी फोनवर… नाही, काही झालं नाही.

चिडलेय ना. चाहत्यांवर नाही, दिग्दर्शकावर नाही. माझ्यावरच चिडलेय.

येते मी. आज म्हणजे आत्ता… असू दे काम… सिनेमा नको, काकूही नकोत. तू आणि मी. बोलत बसू… काय बोलायचं ते बघू तिथे… उगाच दारात येऊन उभी राहू नकोस, ठेच लागेल. खालून हाक मारते मी. बरं, ठेव आता… अगं, तू ठेवल्याशिवाय मी निघू कशी?

बरं, नको ठेवूस. चालता चालता बोलते… काहीही? बरं… आता चप्पल घातली… आता मधल्या खोलीतून जातेय, सगळे बघतायत… आता जिना लागला… आई, या जिन्यात आवाज तुटतो हं, तुटला तर घाबरू नकोस, मी येतेच आहे… ऐकू येतंय का?… येतंय ना?… आई?… हॅलो?