काकाचा लेफ्ट

चूक माझ्या काकाची होती, हे आधीच सांगतो.

जिंतूरच्या एका आडत व्यापाऱ्याला पिकअपवर ड्रायव्हर पाहिजे होता. कॉलेज सोडून मी दोन वर्षं घरी बसलेलो, ही नोकरी मला पाहिजेच होती. ओळख काकाची, म्हणून काका सोबत. मालक म्हणाला, "रिव्हर्स घेऊन गोदामाला लावून दाखव."

आमच्याकडं कुणाचीही गाडी मागं यायली की जवळचा मोठा माणूस हातवारे करायला उभा राहतोच, मग स्वतःला सायकल येत नसली तरी. त्यात मागं चिखल अन् काकाची पँट पांढरी. म्हणून हा माणूस रिव्हर्स सांगायला गाडीच्या पुढं उभा राहिला, माझ्याकडं तोंड करून.

"लेफ्ट मार."

मी मारला.

"अबे, लेफ्ट म्हणायलोय ना."

मी अजून मारला. मागं धाडकन आवाज झाला अन् मालकाची पाण्याची टाकी आडवी झाली.

काका म्हणाले, "तुला लेफ्ट कळत न्हाई का?"

"काका, तुमचं तोंड माझ्याकडं हाय. तुमचा लेफ्ट माझा राइट होतो."

"मोठा माणूस सांगायलाय तर त्याचा लेफ्ट धरायचा. तुझा कशाला धरतो?"

मालक साठीचा, त्याला हे लगेच पटलं. "बरोबर हाय. आजकालची पोरं ऐकतच न्हाईत. गेटवर तुमच्यासारखाच माणूस पाहिजे मला."

सोमवारपासून काका तिथं गेटवर आहेत. मला नोकरी मिळाली नाही.