पुष्पाबाईच्या भिंतीले पोट आलं

…अन् म्हणे हात ठेवा भिंतीवर! दोन्ही तळवे टेकवा, डोळे मिटा, अन् दहा मिनिटं गप उभे राहा! आता मले सांगा, हे काय मिस्त्र्याले शिकवायचं काम आहे? लेकराच्या पोटात दुखलं त डाक्टर पोटावर हात ठेवून पाह्यते, ते ठीक आहे, पण भिंत? अन् सांगून कोणाले राह्यली ही पोट्टी? डोणगावच्या गुलाबराव मिस्त्रीले! तीस वर्षं करणी हातात, बरं! गवंड्याची ती थापी फिरवून अर्ध्या मेहकर तालुक्यात त्यायच्या हातच्या स्लॅबा, समाजमंदिर त्यायचं, शाळेच्या दोन खोल्या त्यायच्या, पाण्याची टाकी त्यायची… अन् त्यायले एक अठ्ठावीस वर्षांची मॅडम म्हणते, "काका, भिंत काय म्हणते ते ऐका."

काय म्हणीन भिंत? "रामराम" म्हणीन?

तुम्हाले सांगतो, गुलाबराव काही हौसेनं त्या वर्गात गेले नव्हते. डोणगावात सरकीचं एक जुनं गोदाम आहे, तिथं एका संस्थेनं तीन आठवड्यांचा वर्ग काढला, जुनी घरं कशी राखावी, कशी दुरुस्त करावी याचा. आता जुनी घरं राखायचा वर्ग! लोकं नवी बांधायले जीव टाकून राह्यले, अन् हे जुन्यायचा वर्ग काढून राह्यले! गुलाबराव त हसले होते. पण पुष्पाबाईनं त्यायचं नाव लिहून टाकलं. अन् पुष्पाबाईले नाही म्हणायची डोणगावात कोणाची छाती नाही, काऊन की चौथीत सगळ्यायले त्यायनंच शिकवलं. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी मोठमोठे मिशावाले बाप्ये बाई दिसल्या की विडी पाठीमागं लपवतेत.

या पुष्पाबाईचं घर म्हणजे शंभरी पार केलेलं. सरकीच्या एका व्यापाऱ्यानं बांधलं, बाईनं अन् त्यायच्या मालकानं नोकरीत असताना विकत घेतलं. भाजक्या विटा मातीत रचेल, वरतून चुना, माथ्यावर पांढऱ्या मातीचं धाबं. समोरच्या खोलीत बाईनं गावातल्या पोरींसाठी अभ्यासिका काढली. मालक गेले, पोरगा हरिओम नाशिकले नोकरीले, अन् बाई एकट्या त्या घरात. एकट्या म्हणजे कशाच्या, पंधरा-वीस पोरी दिवसभर घोकून राह्यतेत!

त सहा वर्षांखाली काय झालं, रस्त्याकडच्या भिंतीचा चुना दोन जागी पोपडला. बाईनं गुलाबरावाले बोलावलं. गुलाबरावानं पाह्यलं, मान हलवली, अन् दोन दिवसांत सगळा चुना खरडून आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर ठोकलं. कसं? आरशासारखं! वर छाती पुढं काढून म्हणाले, "बाई, आता शंभर वर्षं हिच्याकडं पाहू नका. माझी गॅरंटी."

सहा वर्षं झाली, अन् भिंतीले पोट आलं.

हाव, पोट! मधातून फुगली बाहेर, चांगली वीतभर. खालून ओल, वरून चीर. हरिओमनं नाशिकहून फोनवर फोटो पाह्यला अन् तिथूनच निकाल देला, "आई, घर जुनं झालं, पाडून टाकू. होळी झाली की मशीन बोलावतो, स्लॅबचं बांधू." बाई दुसऱ्या दिवशी गुलाबरावाचं नाव वर्गात लिहून आल्या. गुलाबरावाले वाटलं, पाहा, बाईचा आपल्यावर भरवसा किती!

त असे गुलाबराव वर्गात जाऊन बसले. शिकवायले कोण? एक ती समता मॅडम. जुन्या घरायचं शिक्षण घेऊन आलेली, शुद्ध बोलणारी. गुलाबरावाले वाटलं पुण्याची आहे. तिसऱ्या दिवशी एकानं चाळणी न लावता वाळू ओतली, तशी मॅडम कडाडली, "काऊन बे, चाळणी काय चाय गाळायले आणली का?" तवा समजलं, ही त आपल्याच जिल्ह्यातल्या वरवट बकालची! अन् दुसरी मास्तरीण कोण? तानाबाई! सत्तरीची म्हातारी, गावातलीच, जन्मभर लोकायच्या वावरात तण निंदलेली. तिचा बाप चुन्याचा कारागीर होता म्हणे, लहानपणी तिनं त्याच्या हाताखाली जमिनी धोपटल्या, भिंती घोटल्या. मंग सिमेंट आलं, अन् चाळीस वर्षं तिले कोणी विचारलं नाही. आता मॅडमनं तिले खुर्ची देली, हार घातला, अन् म्हातारी अशी काही बसली की जशी जिल्ह्याची कलेक्टर! अन् गुलाबरावाले सगळ्यायसमोर हाक मारते, "ए गुल्या!"

तीस वर्षं करणी हातात, बरं! चार मिस्त्री अन् दहा मजूर हाताखाली, अन् इथं… गुल्या!

अन् शिकवणं तरी कसं! पहिले चुना भिजवा. भिजवला. "आता?" "आता मुरू दे," तानाबाई म्हणे. "किती वेळ?" "महिनाभर त पाह्यजे, हा मी दिवाळीपासून मुरवून ठेवेल आहे." महिनाभर! लोणचं आहे का ते? गुलाबराव सिमेंटचं पोतं फोडत, पाणी मारत, अन् चाय प्यायच्या आत भिंतीवर फेकत. इथं म्हातारी म्हणते, गूळ भिजव. मेथी दळ. हिरडा कूट. बेलाचा गर काढ. गुलाबराव त्या पातेल्याकडं पाहून म्हणाले, "बाळंतीण कोण आहे इथं?" अख्खा वर्ग हसला, पण तानाबाई नाही हसली. म्हणे, "भिंत आहे. तिलेही उभं राह्याचं बळ लागते. ढवळ."

सांजच्याला घरी गेले त बायको, कोकिळाबाई, दारातच वास घेते, "तुम्ही वर्गात जाता का पंगतीले? अंगाले मेथीचा वास काऊन येते?" आता काय सांगाव तिले? भिंतीसाठी मेथी दळून आलो म्हणून? गुलाबराव हात धुऊन जेवायले बसले.

तरी तोवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मंग आला दहावा दिवस.

झालं असं की पहिल्याच दिवशी मॅडमनं जुन्या विटा मातीत रचून दोन ठेंगण्या भिंती उभ्या करायले लावल्या होत्या, गुडघ्याएवढ्या. दोन्हीयले पोटभर पाणी पाजलं. मंग एकीले चारी बाजूनं सिमेंट, ते गुलाबरावानं स्वतः लावलं, झोकात, सगळ्यायले दाखवत. दुसरीले तानाबाईनं चुना लावला. दहाव्या दिवशी मॅडम म्हणे, "काका, फोडा दोन्ही." गुलाबरावानं पहिले चुन्याची फोडली. आतून कोरडी ठण्ण, विटा वाजून राह्यल्या. मंग आपली फोडली.

बाप्पा! आतून चिखल! दहा दिवसांचं पाणी तसंच्या तसं आत, माती सगळी गाळ झालेली, अन् वरून आपलं प्लास्टर… आरशासारखं!

"चुन्यातून ओल बाहेर पडते, काका," मॅडम हळूच म्हणाली. "सिमेंटमधून पडत नाही. खालून चढणारं पाणी आतच कोंडते. नव्या घराले सिमेंट चालते, पण मातीत रचलेल्या भिंतीले ते…"

गुलाबरावाले पुढचं ऐकूच आलं नाही. त्यायच्या डोळ्यासमोर एकच भिंत. वीतभर पोट आलेली. अन् त्या भिंतीले टेकून बसलेल्या पोरी, मोठ्यानं इतिहास घोकणाऱ्या.

त्या दिवशी माणूस जेवला नाही. कोकिळाबाईनं विचारलं, "मेथीनं पोट भरलं का?" त ताट सरकवून खाटेवर जाऊन पडले. तुम्हाले सांगतो, माणसाले कोणी "तुले येत नाही" म्हटलं त राग येते, तो राग बरा, भांडता तरी येते. पण आपल्यालेच समजलं की ज्या कामाची छाती फुगवून गॅरंटी देली, त्याच कामानं घर खाल्लं… त्या वेळेस कोणाशी भांडाव? अन् होळी पंधरा दिवसांवर. मशीन येणार. घर पडणार. लोकं म्हणतीन, जुनं होतं, पडलं. गुलाबरावाचं कोणी नावही घेणार नव्हतं. गप बसले असते त काही बिघडत नव्हतं, बरं का! कोणालेच माहीत नव्हतं!

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर गेले पुष्पाबाईकडं. दारात उभे. टोपी हातात. चौपन्न वर्षांचा माणूस, तीस वर्षं करणी हातात, अन् बाईसमोर असे उभे की जसा गृहपाठ विसरलेला पोरगा.

"बाई… भिंत जुनी झाली म्हणून नाही फुगली. माझ्यामुळं फुगली. मी सिमेंट लावलं न, त्यानं ओल आत कोंडली."

बाईनं चष्मा पुसला. "माहीत आहे मले."

"माहीत आहे?"

"समता मॅडम वर्ग सुरू व्हायच्या आधी घर पाहून गेली. तिनं सांगितलं."

"मंग माझं नाव काऊन लिहिलं, बाई? मले शिव्या द्यायच्या, दुसरा मिस्त्री पाह्यचा!"

बाई म्हणे, "मी चाळीस वर्षं शिकवलं, गुलाब. ज्याचं गणित चुकलं त्यालेच मी फळ्यावर बोलवत होती. ज्याचं बरोबर आलं त्याले बोलवून काय फायदा? ये आत, चाय घे. अन् हरिओमले फोन लाव, तूच सांग त्याले."

लावला फोन! हरिओम तिकडून गरजला, "काका, भिंत आईच्या अंगावर पडली म्हणजे?" गुलाबराव म्हणाले, "पोरींले अन् बाईले मागच्या खोलीत हलवतो. भिंतीले टेकू लावतो. समोर मी उभा राह्यतो. पडली त पहिले माझ्या अंगावर पडीन." हरिओम म्हणे, "होळीले येऊन पाह्यतो, मंगच मशीनचं ठरवतो."

अन् सुरू झालं काम. अख्खा वर्ग तिथं आणला मॅडमनं, म्हणे याच्यापेक्षा चांगला धडा कुठं भेटीन? लाकडाचे सहा टेकू लावले. गुलाबरावानं छिन्नी धरली. आपलंच प्लास्टर, आपल्याच हातानं काढायचं! अन् हळू, हातोडी अशी मारायची की जशी झोपलेल्याले उठवायची आहे. टक… टक… जोरात मारली की मागून तानाबाई, "गुल्या, भिंत आहे, बाजरीचं कणीस नाही!"

सांजपर्यंत हातभर निघालं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन हात. अन् तिसऱ्या दिवशी, दुपारी, गुलाबरावानं छिन्नी टेकवली… अन् कर्रर्र!

सगळे पळाले! मॅडम ओरडली, "काका, मागं!" पण गुलाबरावाचे पाय जमिनीले चिकटलेले, अन् धडाम! धूळच धूळ! काही दिसेना! गुलाबराव त्या धुळीत ओरडले, "बाई! बाई!" गेलं म्हणे घर, गेली अभ्यासिका, गेली इज्जत, आता हरिओमले कोणत्या तोंडानं सांगाव…

धूळ बसली. पाह्यतेत त काय, पायाशी दरवाज्याएवढा सिमेंटचा तुकडा पडेल, अख्खाच्या अख्खा. अन् भिंत? भिंत जागेवर! लाल विटा, ओल्या, नुकत्या न्हालेल्या लेकरावानी, पण उभी!

मागच्या खोलीतून पुष्पाबाईचा आवाज आला, "पडलं का तुझं गॅरंटीचं प्लास्टर?"

गुलाबराव हसले. अन् हसता हसता खाली बसले, अन् मंग रुमाल काढला. म्हणे धूळ गेली डोळ्यात. गेली असंन.

पुढं त मंग वाट पाह्यचं काम. भिंत सुकू द्यायची! गुलाबराव रोज सकाळी हजर, भिंतीवर हात ठेवून उभे. रस्त्यानं जाणारे हसत, "काय म्हणते?" हे म्हणत, "खालून अजून गार लागते." खरंच म्हणत! होळीपर्यंत वरचा भाग कोरडा झाला, होळीच्या आदल्या दिवशी हरिओम आला, त्यानं भिंत पाह्यली, टेकू हलवून पाह्यले, आईकडं पाह्यलं, अन् मशीनवाल्याले फोन करून नाही म्हणून सांगितलं. असं सुटल्यासारखं वाटलं म्हणता गुलाबरावाले! त्या रात्री माणूस चार पोळ्या जास्त जेवला.

मंग पोटाचा भाग हातभर हातभर काढून पुन्हा रचला, चुन्यात. वरून चुना चढवला, अन् घोटला. किती घोटला? खांदा उतरेपर्यंत! "झालं का?" "अजून घोट, गुल्या." "आता?" "अजून." अन् एक दिवस म्हातारीनं भिंतीवर बोट फिरवलं, बोट पाह्यलं, अन् म्हणे, "माझ्या बापाले पसंत पडलं असतं." बस्स. तीस वर्षांत गुलाबरावाले इतकं मोठं बक्षीस कोणी देलं नव्हतं. पोरी परत समोरच्या खोलीत बसल्या, परत तोच इतिहास, तोच गोंगाट.

आता तुम्ही म्हणसान, झालं, भेटला माणसाले आराम! कशाचा आराम? आता गुलाबराव लग्नाले गेले तरी मांडव सोडून यजमानाची भिंत चाचपतेत. पाव्हण्यायले सांगतेत, जुन्या भिंतीले सिमेंट लावू नका, धाबं उतरवू नका, पांढऱ्या मातीसारखी थंडाई कुठं भेटत नाही! मेच्या महिन्यात घरी बसून असंच काहीतरी सांगत होते, पंखा गरम वारा मारून राह्यला, स्लॅब वरतून पेटेल, घामानं बनियन ओली. कोकिळाबाईनं पदरानं तोंड पुसलं अन् विचारलं, "एवढं सगळं गावाले सांगता, मंग आपलंच घर असं भट्टीवानी काऊन बांधलं हो तुम्ही?"

गुलाबरावानं वर स्लॅबकडं पाह्यलं, उशी बगलेत मारली, अन् सावली पाह्याले निघता निघता म्हणाले, "बांधलं तवा मी शिकेल नव्हतो न!"