निरोगी माणसाची नळी

ताई: केव्हाची बाही वर करून बसलेय मी. काढ की रक्त! माझ्या तोंडाकडे काय बघतेस?

छोटी: आज आधी बोलायचंय.

ताई: बोल, पण लवकर. तुमच्या प्रयोगशाळेतल्या गारव्यानं बोटं आखडतात माझी.

छोटी: ही शाल घे. ताई, गेल्या महिन्यात मला ताप होता, आठवतंय?

ताई: न आठवायला काय झालं? एवढ्या मोठ्या संशोधक बाई, आणि साधी गोळी घ्यायला रडत होत्या.

छोटी: तेव्हा तुझ्या रक्ताची तपासणी ठरलेली होती. तुझ्या नळीशेजारी दर वेळी एका निरोगी माणसाची नळी लावतो आम्ही, तुलनेसाठी. आमच्याकडे ज्याचा प्रयोग तो आपलंच रक्त देतो. कुणाच्या विनवण्या करायला नकोत.

ताई: म्हणजे सहा वर्षं माझ्या शेजारी तूच?

छोटी: मीच. तापात देता येईना, म्हणून आमच्याकडे काचसामान धुणाऱ्या काकांनी दिलं.

ताई: बरं, मग?

छोटी: मग फरक दिसला. पहिल्यांदाच. नळीत डिवचल्यावर काकांच्या रोगाशी लढणाऱ्या पेशी चवताळल्या आणि दोन तासांत निवल्या. तुझ्या निवतच नाहीत. त्यांना आवरणारं जे जनुक आहे ना, ते तुझ्यात अर्धंच काम करतंय. म्हणून त्या तुझ्याच सांध्यांवर तुटून पडतात.

ताई: अगं बाई! सापडलं? मग रडतेस कशाला, वेडे? दुखणं मूत्रपिंडापर्यंत गेलं तरी सासूबाई म्हणायच्या, हिला कामाचा कंटाळा. आणि तूसुद्धा दर वेळी तेच. ‘ताई, तुझ्या पेशी अगदी माझ्यासारख्याच वागतात, दोष दुसरीकडे असेल.’

छोटी: वागतच होत्या माझ्यासारख्या.

(ताई शाल बाजूला ठेवते.)

ताई: तुझ्यातही आहे ते?

छोटी: तेच जनुक, तोच बिघाड. तीनदा तपासलं.

ताई: मग तुलाही होणार हे सगळं?

छोटी: माहीत नाही. ते जाऊ दे. मी स्वतःला निरोगी धरून बसले, ताई. तुझी सहा वर्षं वाया घालवली.

ताई: घालवलीस. राग आलाय मला, खोटं कशाला बोलू? ही दोन बोटं त्याच सहा वर्षांत वाकडी झाली. पण तो राग मी सवडीनं काढीन. आधी मला सांग, बिघाड एकच, तर मी अशी आणि तू टुणटुणीत कशी?

छोटी: अगदी हेच! माझ्यात दुसरं काहीतरी आहे, ते या बिघाडाला रोखून धरतंय. ते सापडलं, तर तुझ्या औषधाची वाट सापडेल.

ताई: मग शोध की!

छोटी: मला नाही शोधता येणार. सर म्हणाले, तपासणारीही तू आणि नमुनाही तू, असं चालायचं नाही. काय ते एक ठरव.

ताई: हे काम सोडून तू राहशील? जेवताना घास हातात धरून पेशींवर बोलतेस तू.

छोटी: सकाळीच फाइल देऊन आले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना. माझ्याहून हुशार आहेत, आणि खडूस इतक्या, की स्वतःचंही खरं मानत नाहीत. त्या शोधतील. मी रक्त देणार. दर पंधरवड्याला, लागतील तेवढी वर्षं.

ताई: तुझं नाव येणार नाही मग त्या शोधावर.

छोटी: नाही. फार वाईट वाटतंय, काल दिवसभर रडले. पण ठरलंय माझं.

ताई: आणि सुई? लहानपणी टोचून घ्यायचं म्हटलं की पलंगाखाली लपायचीस.

छोटी: अजूनही तशीच आहे मी. सहा वर्षं भिंतीकडे तोंड करून दिलंय.

ताई: मग उभी काय राहिलीस? ती खुर्ची ओढ इकडे, माझ्या शेजारी. बाही वर कर. आणि बाईंना हाक मार, म्हणावं निरोगी माणूस आज बाहेरून आणा.

छोटी: ताई, हात धरशील?

ताई: धरलाय. तू डोळे मीट. सुईकडे मी बघते.