पावडर नको, पेंटच

तपासणीच्या खोलीबाहेर हाताला प्लॅस्टर घातलेली एक बाई बसली होती. शेजारच्या बाकावर मामा-भाचे होते, विमानांचे सुटे भाग रंगवणारे. त्यांचं बोलणं ऐकायची तिला मुळीच हौस नव्हती, पण प्लॅस्टर हाताला होतं, कानाला नव्हतं.

“मामा, डॉक्टर म्हणाले, आजच अ‍ॅडमिट व्हा. मामीला फोन लावा.”

“त्या चाकाच्या दांड्याला पावडर कोटिंग करू नकोस हं. साधा पेंटच मार.”

“मामा!”

“पावडर भट्टीत भाजावी लागते, त्यात धातू नरम पडतो. वर थरही जाड. आत तडा गेला तरी बाहेरून आपला नवरदेव!”

“आणि पेंट?”

“पेंट बिचारा धातूबरोबर तडकतो. बघणाऱ्याला निदान कळतं तरी.”

“मग मामीला कधी कळणार?”

“नको रे, तिचं बीपी वाढतं.”

“गाठ तुमच्या पोटात आणि बीपी तिचं?”

“यालाच संसार म्हणतात.”

एवढ्यात मामांचा फोन वाजला.

“हां, बोल गं. छे, दवाखान्यात कशाला? वर्कशॉपमध्येच आहे. शांत? अगं, कॉम्प्रेसर आत्ता चालू करतोय.”

मामांनी भाच्याला कोपर मारलं. भाच्याने इकडेतिकडे पाहिलं, गाल फुगवले आणि तोंडाने घर्रर्र सुरू केलं. खोलीतून नर्स हाक मारायला बाहेर आली, तर प्लॅस्टरवाल्या बाईने ओठांवर बोट ठेवलं.

“ऐकलंस ना? येतो संध्याकाळी.”

घर्रर्र मध्येच अडखळलं, ओलं झालं, पुन्हा कसंबसं सुरू झालं.

“रडतंय? कोणी नाही गं. कॉम्प्रेसरच आहे. जुना झालाय.”