कोपऱ्यातल्या गोलातला माणूस

...आणि वर मलाच सांगतात, हात जरा बेताने हलवा, साहेबांवरून लोकांचं लक्ष उडतं! अहो, हात नाही हलवायचे तर मी तिथे उभा कशाला राहू, शोभेची कुंडी म्हणून? तुम्ही बघितलं असेल मला. टीव्हीवर आरोग्यमंत्री बोलत असतात आणि खाली कोपऱ्यात एका गोलात एक माणूस माशा हाकलल्यासारखे हात करत असतो ना, तो मी. मंत्री बोलणार, मी ते बहिऱ्या लोकांना खुणांनी सांगणार, एवढंच काम. मला शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, दुभाषी म्हणजे खिडकीची काच, पलीकडचं दिसलं पाहिजे, काच दिसता कामा नये. आणि मी काचच होतो हो. तुम्हाला सांगतो, मी मुळात सूडबिड घेणारा माणूस नाही.

पण आमच्या बाबांचा खुबा गेला. बाबा जन्मापासून बहिरे, धंद्याने सुतार, खुणांची भाषा मी त्यांच्याच मांडीवर शिकलो, म्हणजे बाकीची मुलं बोबडं बोलतात, मी बोबड्या खुणा करायचो. उभा जन्म लाकडावर रंधा मारण्यात गेला, त्यात खुबा असा झिजला की चालायला लागले की जुन्या दारासारखा आवाज, आणि तोही आम्हाला यायचा, त्यांना फक्त कळा. सरकारी इस्पितळात ऑपरेशनला नंबर लावला. पहिल्यांदा गेलो तर यंत्र बंद. दुसऱ्यांदा गेलो तर यंत्र चालू आणि डॉक्टर बंद, कारण मंत्रीसाहेब नव्या इमारतीची फीत कापायला आले होते आणि झाडून सगळे डॉक्टर कडक इस्त्रीचे कोट घालून त्यांच्या मागे फोटोला उभे. तिसऱ्यांदा मला सुट्टी मिळेना, बाबा एकटे गेले. सकाळपासून उपाशीपोटी बाकावर बसून राहिले, आणि संध्याकाळी खिडकीतल्या कारकुनाने त्यांच्या हातात चिठ्ठी ठेवली. रुग्ण गैरहजर.

गैरहजर? समोर बसलेला माणूस? मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्या कारकुनाला विचारलं. तो पेन कानात घालून म्हणतो, "लाउडस्पीकरवर नाव पुकारलं, उठले नाहीत." मी म्हटलं, अहो, ते बहिरे आहेत. तर म्हणतो, "मग आवाज दिल्यावर त्यांनी तसं सांगायचं ना."

तरी मी चिडलो नाही, कारण मी मुळात सूडबिड घेणारा माणूस नाही. सरळ मार्गाने गेलो. लिफ्टमध्ये मंत्रीसाहेब एकटे सापडले, त्यांच्या कानावर सगळं घातलं. ते लिफ्टच्या आरशात भांग नीट करत म्हणाले, "बघतो हं, नक्की बघतो." आणि खरंच बघत होते, स्वतःकडे.

मग आली ती पत्रकार परिषद. देशाचं नवीन आरोग्य धोरण जाहीर झालेलं, साहेब मधोमध, मागे त्यांचाच भलामोठा फोटो, म्हणजे एकाच वेळी दोन-दोन साहेब, आणि बाजूला मी. पत्रकार प्रश्न विचारतायत आणि साहेब "छान प्रश्न विचारलात" म्हणून भलतंच सांगतायत. औषधं का मिळत नाहीत विचारलं तर म्हणतात माझी आजी झाडपाल्याची औषधं द्यायची. नर्सांच्या जागा का भरत नाहीत विचारलं तर म्हणतात सेवा ही मनातून यावी लागते. मी आपला प्रामाणिकपणे आजी दाखवतोय, झाडपाला दाखवतोय, मन दाखवतोय... हात भरून आले, पण उत्तर काही हाताला लागेना.

तेवढ्यात एक चष्मेवाल्या पत्रकार बाई उठल्या. म्हणाल्या, ऑपरेशनसाठी लोक इतकी वाट का बघतात? साहेब हसले. खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "अहो, लोकच बेफिकीर आहेत. आम्ही नाव पुकारतो, ते उठत नाहीत. ज्यांना ऐकायचंच नाही, त्यांच्यापुढे सरकार काय करणार?"

हॉलमध्ये हशा पिकला. माझे हात मात्र हवेतच थांबले. कारण हे आता मला सांगायचं होतं, बहिऱ्या लोकांना, आणि घरी दुखरा पाय उशीवर ठेवून आमचे बाबा टीव्हीपुढे बसलेले. माझ्याच हातांनी त्यांना सांगू, की तुम्ही बेफिकीर आहात?

तुम्हाला सांगतो, मी मुळात सूडबिड घेणारा माणूस नाही, पण हातांचं मी काय सांगू, हात सुताराच्या पोराचे! ते आपणहून चालायला लागले. म्हणाले, साहेब सांगतायत, ज्या बहिऱ्या माणसांची ऑपरेशनं रखडली आहेत, त्यांनी उद्या सकाळी माझ्या कचेरीत यावं, मी स्वतः तारीख देईन, हा माझा शब्द आहे. आणि चहाही मिळेल. चहाची काही गरज नव्हती, पण एकदा खोटं बोलायचं ठरलं की कंजुषी कशाला?

शेजारी साहेब धोरणाच्या कलमांबद्दल बोलत होते. त्यांना पत्ताच नाही. आणि खरं सांगू, मला इतकं हलकं वाटलं की बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य खात्याच्या कचेरीत पाय ठेवायला जागा नाही. म्हातारे, बायका, कुबड्यावाले, कुणाचा डोळा बांधलेला, आणि सगळ्यांत पुढे काठी टेकत आमचे तीर्थरूप. पहारेकऱ्याने लाउडस्पीकर घेतला आणि ओरडला, जागा रिकामी करा! कोण हलतंय? दोन-तीन जणांनी त्याला हसून नमस्कार केला. तो घसा बसेपर्यंत ओरडला, मग बिचारा खाली बसला आणि एका आजींनी त्यालाच पाणी दिलं.

साहेब बाहेर आले, त्यांच्यामागे कॅमेरेवाले. मला म्हणाले, "काय म्हणतायत हे?"

"म्हणतायत, तुम्ही काल शब्द दिलात."

"मी? कधी?"

"टीव्हीवर, साहेब. ह्या सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलाय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. मी म्हटलं, गेली नोकरी. पण कॅमेरे चालू, समोर एवढी माणसं, नाही म्हणायची सोय नाही. साहेब छाती पुढे काढून म्हणाले, "होय, दिला होता शब्द." तारखा मिळाल्या. चहासुद्धा आला, बिनसाखरेचा, पण आला.

बाबांचं ऑपरेशन झालं. पेपरात काय छापून आलं? मंत्रीसाहेबांचं बहिऱ्या बांधवांसाठी खास अभियान. साहेब फोटोला थेट बाबांच्या खाटेपाशी आले, खांद्यावर हात ठेवला. बाबांनी त्यांच्याकडे शांतपणे बघितलं आणि दोन्ही हातांनी एक खूण केली. तिचा अर्थ मी इथे सांगत नाही, लहान मुलं बसली आहेत. एवढंच सांगतो की तिच्यात एक गाढव आहे, गाढवाचं शेपूट आहे, आणि साहेब त्या शेपटाखाली कुठेतरी आहेत.

साहेबांनी विचारलं, "काय म्हणतायत?"

बाबांचे टाके अजून निघायचे होते हो, खाट त्यांच्या इस्पितळातली होती. मी म्हटलं, "आशीर्वाद देतायत."

साहेबांना तो आशीर्वाद इतका आवडला की लगेच शिकून घेतला. आता प्रत्येक भाषणाच्या सुरुवातीला दोन्ही हात वर करून तीच खूण करतात, पुन्हा शेवटी करतात. बहिरी माणसं टीव्हीपुढे हसून लोळतात, आणि त्यामुळे साहेबांची खात्री पटलीय की ती आनंदाने लोळतात. नोकरी? जाते कसली, उलट बढती मिळाली. साहेब म्हणाले, हा माणूस माझ्या शेजारून हलता कामा नये. मी सूड घ्यायला गेलो आणि जन्माचा त्यांच्या बगलेत जाऊन बसलो.

आणि आज सकाळी वरून हुकूम आलाय. येत्या सोमवारी सगळं मंत्रिमंडळ ओळीने बसणार, आणि मी त्यांना तो आशीर्वाद शिकवायचा. शिकवतो... करतो काय?