दुसरी मोजणी

(लुडविग्सहाफेनजवळची एक खासगी चाचणी-प्रयोगशाळा. सोमवारची सकाळ. दोघांनी एकाच वेळी पाहायचा मायक्रोस्कोप. एका बाजूला ऊर्मिला, या चाचणीची प्रमुख; दुसऱ्या बाजूला तिचा सहकारी गौरांग.)

ऊर्मिला : असं नाही. मोठ्याने सांग. मी काल कामाला लागलेली मुलगी आहे असं समज.

गौरांग : ऊर्मिलाताई, प्लीज. तुम्हीच शिकवलंत मला हे.

ऊर्मिला : म्हणूनच. काय दिसतंय?

गौरांग : माणसाच्या रक्तातली पेशी. केमिकल देऊन वाढवलेली. आत दोन केंद्रकं आहेत, म्हणजे नुकतीच विभागली.

ऊर्मिला : आणि शेजारी?

गौरांग : एक छोटा ठिपका. मायक्रोन्यूक्लियस.

ऊर्मिला : म्हणजे?

गौरांग : विभागताना क्रोमोसोमचा तुकडा मागे राहिला. म्हणजे केमिकलने नुकसान केलंय. केलेलं असू शकतं.

ऊर्मिला : बरोबर. असू शकतं. निरोगी रक्तातही थोडे सापडतात, म्हणून एका डोसला दोन हजार पेशी मोजायच्या. पुढची?

गौरांग : नाही. म्हणजे, बॉर्डरलाइन आहे.

ऊर्मिला : कडा स्वच्छ, गोल, रंग केंद्रकाचाच. कुठली बॉर्डर?

गौरांग : हो. आहे.

ऊर्मिला : लिही. अर्ध्या तासात आपल्या तीनशे पेशी झाल्या. ठिपके सहा. डोस सगळ्यात वरचा. याच स्लाइडची पहिली मोजणी करताना फ्राऊ लेन्सनी दोन हजारांत एक्केचाळीस मोजले होते. मी शनिवारी इथे येऊन बसले आणि त्रेचाळीस मोजले. केमिकल न दिलेल्या पेशींत चौदा. तू किती लिहिलेस?

गौरांग : तुम्हाला माहितीये.

ऊर्मिला : तुझ्या तोंडून ऐकायचंय.

गौरांग : सतरा.

ऊर्मिला : मी दहा दिवस सुट्टीवर गेले, तेवढ्यात एक्केचाळिसाचे सतरा. आणि रिपोर्टचा मसुदा तयार, 'परिणाम आढळला नाही'. खाली जागा सोडलेली, माझ्या सहीसाठी.

गौरांग : स्कोअरिंग सब्जेक्टिव्ह असतं ताई. डॉक्टर रॉयटर लॅबचे मुख्य, तेच म्हणाले की फ्राऊ लेन्स निवृत्तीला आल्यात, त्या जास्त धरतात. फ्रेश डोळे हवेत.

ऊर्मिला : फ्रेश डोळ्यांनी सगळीकडेच कमी मोजलं असतं. तू चौदाच्या स्लाइडवर चौदाच मोजलेस. खालच्या डोसला बरोबर मोजलेस. फक्त वरच्या दोन डोसना तुझे डोळे अधू झाले. स्लाइडवर नुसते नंबर चिकटवलेले असतात, गौरांग. कुठली कुठल्या डोसची, ते मोजणाऱ्याला कळतच नाही. तुला कसं कळलं?

गौरांग : पुढची स्लाइड लावू?

ऊर्मिला : मी विचारतेय.

गौरांग : यादी होती माझ्याकडे.

ऊर्मिला : कुणी दिली?

गौरांग : दिली असं नाही. डॉक्टर रॉयटर आले, टेबलावर एक कागद पालथा ठेवला. मग उभ्याउभ्या त्यांच्या बागेतल्या टोमॅटोंबद्दल बोलत राहिले. गेल्या उन्हाळ्यात कीड पडली म्हणाले. जाताना म्हणाले, क्लायंट बुधवारी फोन करणार आहे. बस. 'कमी मोज' असं एकदाही म्हणाले नाहीत.

ऊर्मिला : शी!

गौरांग : मी कागद लगेच सुलटा केला नाही. दोन तास तसाच होता.

ऊर्मिला : आणि मग केलास.

गौरांग : हो.

ऊर्मिला : हे केमिकल कशात जाणार आहे, माहितीये ना?

गौरांग : रबरी हातमोज्यांत.

ऊर्मिला : गेनाऊ, अगदी तेच. हॉटेलातल्या मोरीवर, हॉस्पिटलात, आठ-आठ तास, घामेजल्या हातांवर. ती माणसं आपला रिपोर्ट वाचणार नाहीत. त्यांना वाटतं, विकायला आलंय म्हणजे कुणीतरी बघितलं असेल. ते कुणीतरी म्हणजे तू. तू बघितलंस! दिसत असताना चोवीस वेळा मान फिरवलीस. एकदा चुकतं माणूस. चोवीस वेळा?

गौरांग : पहिल्या पाच-सहांना त्रास झाला. नंतर खरंच दिसेनासे झाले.

ऊर्मिला : हे ऐकून ओकारी येते मला. शुक्रवारी तू माझ्या शेजारी बसून माझ्या डब्यातले पोहे खाल्लेस. लिंबू मागून घेतलंस. तेव्हा हा आकडा लिहून झाला होता. पुण्याहून तुला मी आणला. पहिले दोन महिने माझ्या घरी राहिलास. आज तुझ्याशेजारी या खुर्चीवर बसवत नाहीये मला.

गौरांग : माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चला संपतंय. ते वाढवणं त्यांच्या हातात आहे. लग्नानंतर शमिका जानेवारीत इथे आलीये, आत्ता कुठे तिचा भाषेचा कोर्स सुरू झालाय. नोकरी गेली तर ब्लू कार्डाचं, इथे राहायच्या परवान्याचं काय? तुमचा पासपोर्ट जर्मन आहे ताई. तुम्हाला किळस परवडते.

ऊर्मिला : हेच म्हणशील वाटलंच होतं.

गौरांग : मग हेही ऐका. मी रिपोर्ट लिहायला कशावरून शिकलो? तुम्हीच आर्काइव्हमधली एक फाइल दिलीत, नमुना म्हणून. चामडं रंगवायच्या केमिकलची, बॅक्टेरियावरची टेस्ट. पहिल्या प्रयोगात वरच्या डोसला बॅक्टेरियाच्या तिप्पट कॉलनी, म्हणजे रंगाने नुकसान केलंय. तुम्ही प्रयोग रद्द केलात. कारण, 'प्लेट दूषित झाल्या'. दुसरा प्रयोग स्वच्छ. पण दुसऱ्यात तो वरचा डोसच नव्हता. तीन वेळा वाचली मी ती फाइल. मला वाटलं, असंच करतात. इतकं नीट लिहिलं होतं तुम्ही.

ऊर्मिला : प्लेटवर बुरशी दिसली होती.

गौरांग : किती प्लेटवर?

ऊर्मिला : एका.

गौरांग : आणि बाकीच्या?

ऊर्मिला : बाकीच्यांवर बुरशी आहे का, हे मी उघडून तपासलं नाही. पिशवीत भरून ऑटोक्लेव्हला, वाफेत नष्ट करायला पाठवल्या. तेव्हाही रॉयटरच होता. क्लायंटला घाई होती. मी स्वतःला सांगितलं की एक दूषित म्हणजे सगळ्या संशयास्पद. आणि डोस खाली आणताना लिहिलं की वरच्या डोसला पदार्थ नीट विरघळत नाही.

गौरांग : विरघळत होता?

ऊर्मिला : पाण्यासारखा.

गौरांग : मग मघाशी मला जे बोललात...

ऊर्मिला : ते सगळं खरं आहे. तुझ्याबाबतीत खरं आणि माझ्याबाबतीतही. फरक इतकाच की मला तेव्हा किळस आली नाही. संध्याकाळी घरी गेले, लेकीच्या, अन्वीच्या वाढदिवसाचा केक केला. तो रंग आज विकला जातोय, गौरांग. मी दुकानात चामडी जॅकेटांच्या रांगेतून जात नाही. कुणाला कारण सांगितलेलं नाही.

गौरांग : सॉरी. मी हे हत्यार म्हणून काढायला नको होतं.

ऊर्मिला : हत्यारच आहे ते, आणि बरोबर जागी लागलं. आपला माल असा हातोहात पुढे जातो बघ. माझ्या फाइलीवरून तू शिकलास. तुझ्यावरून उद्या आणखी कुणीतरी शिकेल.

गौरांग : आता काय करायचं?

ऊर्मिला : तू शांतपणे ऐक. मी या मसुद्यावर सही करणार नाही, हे सकाळी येतानाच ठरलं होतं. तुझं नाव क्वालिटी विभागाकडे द्यायचं, हेही ठरलं होतं. माझी फाइल ठरलेली नव्हती.

गौरांग : मी कुणाला सांगणार नाही ताई. खरंच.

ऊर्मिला : नको! तेवढी मेहरबानी करू नकोस. त्यानेच तर इथे पोचलो आपण. मोजणीचा तक्ता काढ.

गौरांग : फाडू?

ऊर्मिला : फाडतोस काय? आकड्यावर एकच रेघ मार, खालचं वाचता येईल अशी. शेजारी सही, आजची तारीख, कारण.

गौरांग : कारण काय लिहू?

ऊर्मिला : घडलं ते. 'स्लाइडचे डोस माहीत असताना मोजले, मुद्दाम कमी मोजले.' यादी कुणी ठेवली तेही.

गौरांग : टोमॅटो?

ऊर्मिला : टोमॅटो राहू दे. कागद, तारीख, माणूस. हसू नकोस.

गौरांग : हसत नाहीये. जर्मनमध्ये 'मुद्दाम'ला अप्सिख्टलिष ना?

ऊर्मिला : हो. मोठा शब्द आहे, जागा सोडून लिही.

गौरांग : लिहिलं. मला काढतील.

ऊर्मिला : काढतील बहुतेक. कदाचित दोघांनाही. शमिकाला आज घरी गेल्यावर सांग, ईमेल यायच्या आधी. कार्ल्सरूहेला विद्यापीठात माझी एक ओळख आहे. शब्द टाकीन. पण तिथेही आधी हे सगळं सांगूनच.

गौरांग : तुम्ही काय लिहिताय?

ऊर्मिला : तिप्पट.

गौरांग : ताई, तुम्ही नाही लिहिलंत तरी चाललं असतं. मी खरंच गप्प राहिलो असतो.

ऊर्मिला : माहीत आहे. चल, क्वालिटीवाली बाई साडेनऊला येते. रॉयटर यायच्या आत वर जाऊ.

गौरांग : आत आधी कोण जाणार?

ऊर्मिला : मी. माझं जास्त जुनं आहे.