नायिकेचे दात

झोपलेलं बाळ खांद्यावर घेऊन ती टीव्हीच्या दुकानात थांबली होती. तिच्या पुढे एक आजी-आजोबा होते. आजोबा आजींशी बोलत ते त्यांच्या कानाशी ओरडूनच.

“मला धड दिसत नाही, हिला ऐकू येत नाही. दोघांचं भागेल असा स्वस्तातला दाखवा.”

“हा घ्या काका. चित्र मोठं, शिवाय बोललेलं खाली लिहून येतं,” दुकानदाराने टीव्ही लावला.

“अगं, आपलीच मालिका! ही नायिका? ही तर चांगली देखणी आहे! तू म्हणायचीस, दात पुढे आहेत!”

“तुम्हाला काय करायचेत तिचे दात? थांबा, वाचू द्या. अगंबाई, नवरा बायकोला ‘चुकलं माझं’ म्हणतोय! तुम्ही तर सांगता, तो चहा मागतो!”

“मागतो की. अधूनमधून.”

“रोज?”

“मग काका, हाच बांधू ना?”

आजोबांनी आजींकडे पाहिलं. आजींनी नकारार्थी मान हलवली.

“नको. तो कोपऱ्यातला छोटा द्या.”

“अहो, त्यात तुम्हाला दिसणार नाही, आणि खाली लिहूनही येत नाही!” दुकानदार म्हणाला.

“ही सांगते ना मला.”

बाळ उठू नये म्हणून तिने हसू ओठांतच दाबलं.

“काय म्हणतोय हो दुकानदार?” आजींनी विचारलं.

“म्हणतोय, घरी गेल्यावर चहा करा!”